दृष्टांताचा दिवा आणि अलंकाराची झळाळी

॥ श्रीदत्तात्रेयप्रभवे नमः ॥

मनुष्याची वाणी मुळातच सालंकृत आहे. अलंकार कवींनी एकांतात बसून घडविले आणि मागाहून ते लोकांत रूढ झाले, अशी एक सर्वसाधारण समजूत आढळते. परंतु वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. श्रावणात पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्यावरून वाहू लागले, की करवीरचा शेतकरी 'नदी उंबऱ्याशी आली' असे म्हणतो. पाऊस लांबला म्हणजे त्याने 'डोळे वटारले' असे म्हणतो. पोराने 'घर डोक्यावर घेतले' असे म्हणणाऱ्या मातेने साहित्यशास्त्राचा एकही ग्रंथ पाहिलेला नसतो. तरीही नदीला पाय, पावसाला डोळे आणि घराला हलकेपणा देण्याचे काम या मंडळींनी सहज केलेले असते. निर्जीवावर सजीवाचे धर्म आरोपिले म्हणजे चेतनगुणोक्ती होते, आणि वस्तू तिच्या मर्यादेपलीकडे वाढवून सांगितली म्हणजे अतिशयोक्ती होते, ही नावे शास्त्राने नंतर दिली. शास्त्राने वाणीला दागिने दिले नाहीत. अंगावर असलेल्या दागिन्यांची यादी मात्र केली.

ती यादी कशी वाढत गेली हे पाहण्यासारखे आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात उपमा, रूपक, दीपक आणि यमक असे चारच अलंकार आहेत. पुढे भामह, दंडी, रुद्रट, मम्मट अशा आचार्यांच्या हातून ही संख्या वाढली, आणि सोळाव्या शतकातील अप्पय्य दीक्षितांच्या 'कुवलयानंदा'त ती शंभरावर गेली. मात्र ज्या मम्मटाचार्यांनी इतका सूक्ष्म विचार केला त्यांनीच अलंकाराचे स्थानही ठरवून दिले. हार जसा गळ्यात शोभतो, पण तो म्हणजे देह नव्हे आणि प्राण तर नव्हेच, तसा अलंकार शब्दार्थावर शोभतो. तो क्वचित नसला तरी काव्याचे काव्यत्व जात नाही, असा त्यांचा अभिप्राय आहे. हा अभिप्राय ब्रह्मविद्येच्या अभ्यासकाने विशेष ध्यानात ठेवावा. कवीची वाणी चुकली तर एक ओवी बिघडते. उपदेशकाची वाणी चुकली तर ऐकणाऱ्याचा जन्म वाया जाऊ शकतो.

आता अलंकारांचे परस्परनाते पाहू. त्यासाठी एकच विषय घ्यावा : उपदेशाचा शब्द आणि दिवा.

'उपदेशाचा शब्द दिव्यासारखा वाट दाखवितो', ही उपमा. तिची चार अंगे आहेत. ज्याचे वर्णन करावयाचे तो शब्द हे उपमेय, ज्याशी तुलना केली तो दिवा हे उपमान, वाट दाखविणे हा दोहोंतील समान धर्म आणि 'सारखा' हे साधर्म्य दाखविणारे पद. येथे शब्द शब्दच राहतो आणि दिवा दिवाच राहतो. 'हा शब्द म्हणजे जणू दिवाच', ही उत्प्रेक्षा. येथे भेद पातळ झाला, पण 'जणू' या पदाने तो धरून ठेवला. 'शब्दाचा दिवा हाती घेऊन साधक चालू लागला', हे रूपक. येथे 'सारखा' गेले, 'जणू'ही गेले, दोन वस्तू एक झाल्या. 'हा शब्द नव्हेच, हा तर दिवा आहे', ही अपन्हुती. येथे तर मूळ वस्तूच नाकारली गेली. 'दिव्याखाली अंधार असतो, या शब्दाखाली तोही नाही', हा व्यतिरेक. उपमेय उपमानाच्या पुढे गेले. आणि 'या शब्दासारखा हाच शब्द', हा अनन्वय. दुसरी तुलनाच उरली नाही.

या क्रमात एक चढण आहे. प्रथम भेद राखून साम्य सांगितले, मग भेद पुसला, मग उपमानास मागे टाकले, आणि शेवटी उपमान देण्याचाच नाद सोडून दिला. काव्याच्या दृष्टीने या पायऱ्या केवळ सौंदर्याच्या आहेत. तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने मात्र प्रत्येक पायरीवर पाय जपून टाकावा लागतो. महानुभाव सिद्धांतात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ नित्य आणि परस्परांहून भिन्न मानलेले आहेत. म्हणून भक्तीच्या भरात कोणी 'जीव हाच देव' असे रूपक योजिले, तर कवी म्हणून त्याला दोष देण्याचे कारण नाही. परंतु ऐकणाऱ्याने त्या रूपकालाच सिद्धांत मानले, तर चार पदार्थांची व्यवस्था त्या एका वाक्यात ढासळते. रूपकातील अभेद हा आरोपित असतो. 'हा मुलगा वाघ आहे' असे म्हटल्यावर कोणी त्याच्या अंगावरचे पट्टे शोधीत नाही. तेवढे तारतम्य घरच्या बोलण्यात सर्वांना असते. ते शास्त्रश्रवणात का सुटावे? मतामतांतील कित्येक भांडणे सिद्धांताची नसून न ओळखलेल्या रूपकांची आहेत, असे विचारांती दिसून येईल.

येथे दृष्टांताचा विचार येतो. साहित्यशास्त्रातही दृष्टांत नावाचा अलंकार आहे. दोन स्वतंत्र वाक्ये शेजारी ठेवावी, दोहोंत बिंब आणि प्रतिबिंब यांचे नाते असावे, आणि 'सारखे' हे पद उच्चारावे लागू नये, असे त्याचे स्वरूप. परंतु न्यायशास्त्रातील दृष्टांत याहून वेगळा आहे. गौतमांच्या न्यायसूत्रांत त्याचे जे लक्षण दिले आहे त्याचा भावार्थ असा की, ज्या गोष्टीविषयी सामान्य मनुष्य आणि परीक्षा करणारा पंडित या दोघांची बुद्धी सारखी चालते ती गोष्ट दृष्टांत होय. डोंगरावर धूर आहे म्हणून तेथे अग्नी आहे, हे सिद्ध करताना नैयायिक स्वयंपाकघराचे उदाहरण देतो. का? कारण चुलीजवळ धूर आणि विस्तव एकत्र असतात, याविषयी पंडिताचे आणि त्याच्या घरच्या स्वयंपाकिणीचे दुमत नसते. अलंकारातील दृष्टांत शोभेसाठी आहे. न्यायातील दृष्टांत संमतीसाठी आहे. एक मनाला मोहवितो, दुसरा बुद्धीला उभे राहण्यासाठी जमीन देतो.

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींचे दृष्टांत या दुसऱ्या जातीचे आहेत. केसोबासांनी संकलित केलेल्या 'दृष्टांतपाठा'त ११४ दृष्टांत आहेत आणि त्यांची मांडणी त्रिविध आहे : आरंभी स्वामींचे सूत्र, मग स्वामींनीच सांगितलेला दृष्टांत, आणि शेवटी केसोबासांचे दार्ष्टांतिक. सूत्रात सिद्धांत आहे, दृष्टांतात सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट आहे, आणि त्या गोष्टीतील नेमके काय घ्यावयाचे हे दार्ष्टांतिकात आहे. ही तिसरी पायरी हे या ग्रंथाचे मोठे वैशिष्ट्य होय. नुसती गोष्ट सांगून ग्रंथ थांबला असता तर ज्याने त्याने आपल्या सोयीचा अर्थ काढला असता. दार्ष्टांतिकाने ती वाट बंद केली.

हत्ती आणि जात्यंध यांचा दृष्टांत सर्वपरिचित आहे. पाय चाचपणाऱ्याला हत्ती खांबासारखा वाटला, कान चाचपणाऱ्याला सुपासारखा, सोंड चाचपणाऱ्याला मुसळासारखा. गंमत अशी की, या छोट्या गोष्टीत प्रत्येक जात्यंध उपमाच देतो आहे; आणि प्रत्येकाची उपमा आपापल्या जागी खरी आहे! पाय खांबासारखाच असतो, कान सुपासारखाच असतो. चूक उपमेत नाही. अंगाला दिलेली उपमा संपूर्ण हत्तीला लावली, ही चूक आहे. त्याचप्रमाणे निरनिराळ्या मतांचे लोक परमेश्वराच्या एकेका शक्तीलाच पूर्ण परमेश्वर समजतात. डोळस मात्र सगळा हत्ती पाहतो. उपमा कोठवर न्यावी आणि कोठे थांबवावी, याचा याहून स्पष्ट पाठ साहित्यशास्त्रातही क्वचितच सापडेल.

यावरून पहिला नियम निघतो. दृष्टांत एकदेशी असतो, सर्वदेशी नसतो. मुखाला चंद्र म्हटले म्हणजे त्यातील आल्हाद घ्यावयाचा, डाग घ्यावयाचा नाही आणि अमावास्याही घ्यावयाची नाही. तसेच हत्तीच्या दृष्टांतातून अपुऱ्या ज्ञानाचा धर्म तेवढा घ्यावयाचा. परमेश्वराला अवयव आहेत, किंवा सर्वांची मते गोळा करून जोडली म्हणजे परमेश्वर सिद्ध होतो, असा अर्थ काढू लागल्यास दृष्टांताने दिलेला दिवा हातात घेऊन आपणच घराला आग लावल्यासारखे होईल.

येथे एक शंका उपस्थित होते. परमेश्वर अनुपम आहे असे शास्त्र सांगते. अनन्वय हाच त्याच्यापुरता खरा अलंकार. मग त्याच शास्त्रात पदोपदी दृष्टांत का? ज्याला तुलना नाही त्याची तुलना करणे हा दोष नव्हे काय?

समाधान असे. दृष्टांत परमेश्वराची बरोबरी करण्यासाठी दिलेला नसतो. तो ऐकणाऱ्या जीवाचे अज्ञान जेथे उभे आहे तेथपर्यंत चालत जाण्यासाठी दिलेला असतो. आई लहान मुलाला चंद्र दाखविताना 'त्या फांदीच्या टोकाला बघ' असे म्हणते. चंद्र फांदीवर नाही हे तिला ठाऊक असते. परंतु मुलाची दृष्टी फांदीपर्यंतच जाते. म्हणून तिला फांदीचा आश्रय घ्यावा लागतो. शास्त्रकार यालाच शाखाचंद्रन्याय म्हणतात. दृष्टी वळली की फांदीचे काम संपले. दृष्टांत म्हणजे फांदी. ती खोटी नाही, आणि ती चंद्रही नाही.

ही करुणा परमार्गाच्या भाषेच्या निर्णयातही दिसून येते. पंडित आणि केसोबास यांच्यासारख्या विद्वानांनी संस्कृतात प्रश्न केला असता श्रीनागदेवाचार्यांनी त्यांना थांबविले. आपल्याला श्रीचक्रधरांनी मराठीत निरूपण केले आहे, तेव्हा तीतच पुसावे, असे सांगितले. ग्रंथ संस्कृतात झाले तर मार्गातील म्हाताऱ्या स्त्रिया वंचित होतील, ही त्यांची चिंता 'स्मृतिस्थळा'त नमूद आहे. ज्यांच्यासाठी भाषा निवडली, त्यांच्यासाठीच दृष्टांतही निवडले गेले. म्हातारीला जे जाते, सूप, मुसळ ठाऊक आहे, तेच दृष्टांतात आले. अलंकाराची कसोटी राजसभेत लागते. दृष्टांताची कसोटी जात्याजवळ लागते.

मग अलंकार निषिद्ध मानावा काय? परमार्गाचा इतिहास तसे म्हणत नाही. साती ग्रंथांकडे पाहावे. नरेंद्रांचे 'रुक्मिणीस्वयंवर', दामोदर पंडितांचे 'वच्छाहरण', रवळोबासांचे 'सह्याद्रिवर्णन', नारोबासांचे 'ऋद्धिपूरवर्णन' यांत उपमा, उत्प्रेक्षा, रूपके यांची रेलचेल आहे. नरेंद्रांविषयी अशी परंपरा आहे की, रामदेवराव यादवाने भरपूर द्रव्य देऊ करून काव्य आपल्या नावावर मागितले, तेव्हा त्याने कविकुळाला बोल लागेल म्हणून कवीने नकार दिला. ज्याच्याजवळ अलंकारांचे भांडार होते त्याने ते विकले नाही, ही गोष्ट लहान नव्हे. पुढे तो कवी परमार्गात आला.

याहून अधिक बोधप्रद प्रसंग भास्करभट्ट बोरीकरांचा आहे. चौदाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी १०८७ ओव्यांचे 'शिशुपाळवध' रचिले. श्रीकृष्ण आणि रुक्मिणी यांचा प्रेमकलह, विरह, ऋतुवर्णने यांत कवीची प्रतिभा इतकी रमली, की ज्या वधाचे नाव ग्रंथाला आहे तो ग्रंथाच्या अखेरीस उरकला गेला. ग्रंथ भावेदेवव्यासांपुढे आला. तो उत्तम झाला आहे हे त्यांनी मान्य केले. परंतु निवृत्तांच्या उपयोगाचा तो नाही, असा अभिप्राय दिला. येथे दोन्ही बाजूंचे मोठेपण पाहण्यासारखे आहे. भावेदेवव्यासांनी काव्याला वाईट म्हटले नाही. ते कोणासाठी आहे, एवढेच विचारले. आणि भास्करभट्टांनी अपमान मानला नाही, वाद घातला नाही. भागवताच्या एकादश स्कंधाकडे वळून 'उद्धवगीता' रचिली. कवीच्या हातून ज्या वेळी सर्वांत सुंदर कृती झालेली असते, त्याच वेळी 'हे सुंदर आहे, पण ज्याला तहान आहे त्याला हे पाणी नव्हे' असे ऐकणे आणि पुन्हा लेखणी उचलणे, हे इंद्रियनिग्रहाहून कमी कठीण नाही. परमार्गानेही 'शिशुपाळवध' टाकून दिले नाही. दोन्ही ग्रंथ साती ग्रंथांत शेजारी शेजारी राहिले. अलंकाराला घरात जागा आहे. मात्र घरधन्याची जागा त्याला नाही.

'उद्धवगीते'त भास्करभट्टांनी उपमा सोडल्या असे मुळीच नाही. फरक इतकाच की, पहिल्या ग्रंथात वाचक उपमेपाशी थांबतो, दुसऱ्यात उपमा वाचकाला अर्थापाशी पोहोचवून बाजूला होते. अलंकाराचा सदुपयोग आणि दुरुपयोग यांतील भेद एवढाच आहे.

हा भेद करवीर क्षेत्रात राहणाऱ्याला समजण्यास अवघड जाऊ नये. कारण त्याचा दृष्टांत येथील प्रत्येक गावाच्या शिवारात आहे.

प्रतिपाद्य असे की, शोभा अर्थातून यावी, अर्थावर लादू नये.

त्याचा दृष्टांत गुऱ्हाळाचा. ऊस घाण्यात घातला, रस काहिलीत आला, चुलवणात चिपाडाचा जाळ लागला. रस उकळू लागला म्हणजे त्यातील मळी वर येते. गुळव्या रानभेंडीचे चिकट पाणी घालून ती एकवटतो आणि झाऱ्याने काढून टाकतो. जितकी मळी निघते तितका रस स्वच्छ होतो आणि गुळाला आपोआप रंग येतो. हा रंग बाहेरून आलेला नसतो. घाण निघून गेल्यावर उरलेली ती कांती असते. परंतु बाजारात पिवळ्याधमक ढेपेला अधिक भाव मिळतो. छत्रपती शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसविली, गुळाच्या व्यापारामुळे करवीरचे नाव दूरवर गेले, आणि २०१४ साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण भावाच्या मोहाने कोठे कोठे मळी काढण्याचे कष्ट वाचवून रसात रंग उजळणारी रासायनिक पूड टाकण्याची रीत शिरली. अशी ढेप त्या दिवशी डोळ्यांत भरते. काही महिने कोठारात राहिली की तिचा रंग उतरतो आणि ती काळवंडू लागते. आणि खाणाऱ्याच्या पोटात गोडीबरोबर जे नको तेही जाते. जाणता शेतकरी घरी खाण्यासाठी गूळ ठेवताना रंग पाहत नाही. खडा मोडून जिभेवर ठेवतो.

दार्ष्टांतिक असे. ऊस म्हणजे शास्त्रवचन, रस म्हणजे त्याचा अर्थ, जाळ म्हणजे मनन. मळी म्हणजे निरूपण करणाऱ्याच्या मनातील मान, कीर्ती, टाळ्यांची आवड आणि अर्धवट समज. ती वर आली की झाऱ्याने काढावी लागते; झारा म्हणजे सद्गुरूंपुढे केलेली पृच्छा. अशा रीतीने कढविलेल्या अर्थाला जो दृष्टांत सुचतो, जी उपमा येते, तो त्याचा स्वतःचा रंग होय. आणि अर्थ न कढविता, मळी तशीच ठेवून, यमके, कोट्या, चुटके, चमत्कारिक रूपके यांची पूड टाकली, तर निरूपण त्या संध्याकाळी झळाळते. श्रोता 'वा' म्हणतो. पण महिन्याने त्याला विचारावे तर चुटका आठवतो आणि सूत्र आठवत नाही. ढेप काळवंडली. येथेही दृष्टांत एकदेशी घ्यावा. गूळ गोड म्हणून शास्त्र सदैव गोडच लागले पाहिजे, असा अर्थ काढू नये. शास्त्राचे कित्येक बोल कडूच असतात.

निरूपण करणाऱ्याने म्हणून आपल्या वाणीला चार प्रश्न विचारावेत. दिलेले उदाहरण ऐकणाऱ्याच्या अनुभवातील आहे काय? नसल्यास तो दृष्टांत नव्हे, ते दुसरे कोडे झाले. त्यातील कोणता धर्म घ्यावयाचा हे स्पष्ट सांगितले काय? नसल्यास दार्ष्टांतिक राहून गेले. उपमान उपमेयाहून अधिक वेळ तर खात नाही ना? खात असल्यास पाहुणा जेवला आणि यजमान उपाशी राहिला. आणि उदाहरण काढून घेतले तर मागे सिद्धांत उरतो काय? उरत नसल्यास मुळात सांगण्यासारखे काही नव्हते.

श्रोत्याचे कर्तव्यही तेवढेच आहे. निरूपणातून उठताना 'आज किती छान सांगितले' एवढेच म्हणून थांबू नये. 'आज काय सांगितले' हे स्वतःला विचारावे. पहिला उद्गार अलंकाराचा आहे, दुसरा प्रश्न अर्थाचा आहे. वासनिकाने घरी गेल्यावर आपल्या मुलांना ती गोष्ट आपल्या साध्या शब्दांत सांगून पाहावी. सांगता आली तर दिवा घरी आला. न आली तर केवळ झळाळी पाहून परतल्यासारखे झाले.

शेवटी या क्षेत्राचे माहात्म्य ज्या लीळेमुळे आहे तिचे स्मरण करणे उचित ठरेल. श्रीदत्तात्रेयप्रभू कोल्हापुरी भिक्षा करतात आणि गोदातीरी पांचाळेश्वरी भोजन करतात, अशी परमार्गाची श्रद्धा आहे. ज्याला कशाचीही उणीव नाही तो दारोदार झोळी घेऊन उभा राहतो, ही लीळा आहे, रूपक नव्हे. तिला कवीने हवे तेवढे सजवावे, परंतु सजावट पुसली तरी झोळी रिकामी होऊ नये. भिक्षेच्या आचाराकडे पाहावे. दाराशी कोणी चांदीच्या ताटातून घालतो, कोणी फुटक्या परातीतून घालतो. झोळीत पडते ते अन्न. ताट घरातच राहते. भिक्षू ताटाची चौकशी करीत नाही आणि चवीची निवडही करीत नाही. शब्दांच्या दारी उभ्या असलेल्या साधकाने हाच आचार पाळावा. वाढणाऱ्याने ताट स्वच्छ ठेवावे, शक्य असल्यास सुंदरही ठेवावे; पण भुकेल्याला ताटाची नक्षी वाढून परत पाठवू नये. आणि घेणाऱ्याने नक्षीवर डोळे न ठेवता झोळी पसरावी; कारण पुढची वाट लांब आहे, आणि तेथे कामाला येणार ते झोळीतले अन्नच.